तो पतंगच आहे का?

मागच्या अंकात मी एक विनंती केली होती की दिव्याखाली, गवतात, पानाच्या मागच्या बाजूला असे अगदी बारीक, करंगळीच्या नखावर मावतील एवढे पतंग दिसले तर फोटो काढून पाठवा. तुम्ही पाठवलेत, आणि भरपूर पाठवलेत! सगळे बघायला मला बरेच दिवस लागले. त्यातले कितीतरी फोटो पतंगांचे नव्हतेच, काही माश्या होत्या, काही तुडतुडे होते, एक चक्क पाण्यात वाढणारा कीटक होता. यात वाईट वाटून घेण्यासारखं काहीच नाही. एवढ्या लहान आकारात सगळेच एकमेकांसारखे दिसतात आणि ओळख शिकायची सुरुवात बहुतेक वेळा अशा गोंधळातूनच होते. म्हणून या वेळी नुसती नावं न देता "हा नक्की कोणाच्या घरातला" हे कसं ठरवायचं त्याबद्दलचे प्रश्न निवडलेत.

प्रश्न : ताई, फोटो पाठवतोय. रात्री लाइटखाली भिंतीवर बसला होता, राखाडी रंग, साधारण ५ मिमी. तीन वेगवेगळ्या ॲप्सना विचारलं तर तिघांनी तीन नावं दिली. नक्की कोणता आहे?

या फोटोवरून जातीचं नाव मी देणार नाही, पण का नाही देणार ते सविस्तर सांगते कारण हाच प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय. पतंगांच्या आत्तापर्यंत नोंदल्या गेलेल्या जाती दीड लाखाच्या वर आहेत, आणि त्यात हे बारीक पतंग, ज्यांना आपण मायक्रो पतंग म्हणतो, ते खूप मोठ्या संख्येने आहेत. मायक्रो हा शास्त्रीय गट नाही बरं का, सोयीसाठी पाडलेलं नाव आहे. त्यात काही असे पण पतंग आहेत जे मोठ्या म्हणवल्या जाणाऱ्या पतंगांपेक्षा मोठे असतात, आणि दुसऱ्या टोकाला नेप्टिक्युलिडी कुळातले काही इतके लहान की पंख पूर्ण पसरले तरी जेमतेम ३ मिमी. आता ५ मिमीच्या राखाडी पतंगात रंग कसा चालणार ओळखायला? पंखांवरची भुकटी म्हणजे बारीक खवले, ते घासून गेले की राखाडीचा तपकिरी होतो, फ्लॅश पडला की रुपेरी होतो, आणि मुळात राखाडी रंगाच्या जाती शेकड्यांनी आहेत.

मग बघायचं काय? मी स्वतः सगळ्यात आधी तो बसलाय कसा ते बघते. रंग नंतर. बसण्याची पद्धत पूर्ण कुळच सांगून जाते बऱ्याचदा. वरून बघितल्यावर घंटेसारखा आकार दिसला, म्हणजे खांद्याशी गोलसर आणि खाली पसरट, तर टॉर्ट्रिसिडी कुळाचा विचार करायचा. पुढचे पाय ताठ करून डोकं वर उचललंय आणि पंखांची टोकं खाली टेकलीयत, जणू कोणी कोपरावर रेलून बसलंय, तर ग्रॅसिलॅरिडी. मिशा एकत्र सरळ पुढे काढून बसलाय तर कोलिओफोरिडी असू शकेल, आणि मिशा पुढे आहेत पण पाठीवर पंख मिटल्यावर फिकट चौकोनांची रांग दिसतेय तर तो चौकोनी ठिपक्यांचा पतंग, प्लुटेला झायलोस्टेला, ज्याला लिनेयस या शास्त्रज्ञाने १७५८ मध्येच नाव दिलं होतं. मागचे पाय हवेत बाजूला उचलून धरलेत असा विचित्र प्रकार दिसला तर स्टॅथमोपोडिडी, एकदा बघितलं की विसरायला होत नाही. डोकं खाली आणि शेपटीकडचा भाग वर अशी पोझ असेल तर अर्गिरेस्थिया. तोंडासमोर लांब नाकासारखं काहीतरी पुढे आलेलं असेल तर क्रॅम्बिडी किंवा त्याचं जवळचं कुळ, आणि तेच अवयव शिंगांसारखे वर वळून डोक्याच्याही वर गेलेले असतील तर जेलेकिडीकडे जायचं. त्या अवयवांना पाल्प म्हणतात, तोंडाच्या दोन्ही बाजूंना असतात आणि लहान पतंगात ते बघण्याची सवय लावून घ्या, फार उपयोगी पडतात.

तुमच्या फोटोत पतंग वरून दिसतोय, डोकं आउट ऑफ फोकस आहे आणि पाल्प दिसतच नाहीयेत, त्यामुळे मला फक्त एवढंच म्हणता येईल की पंख अरुंद आहेत, टोकाला लांब केसांची झालर आहे, आणि बहुतेक जेलेकिडी किंवा त्याच्या आसपासचा आहे. ॲप्सचं म्हणाल तर ती आपल्याकडे असलेल्या फोटोंशी तुलना करून सांगतात आणि ज्या जातीचे फोटोच त्यांच्याकडे नाहीत तिचं नाव ती देणार कुठून? मी स्वतः वापरते ॲप, पण कुळापर्यंत जाण्यासाठी. तिन्ही ॲप्सनी दिलेली नावं एकाच कुळातली आहेत का ते एकदा तपासा, असतील तर ते कुळ बरोबर असण्याची शक्यता चांगली आहे.

पुढच्या वेळी तीन फोटो काढा : एक वरून, एक अगदी बाजूने आणि एक समोरून तोंडाचा. शेजारी मिलिमीटरचा ग्राफ पेपर ठेवता आला तर सोन्याहून पिवळं. "अंदाजे ५ मिमी" मध्ये लोक ३ पासून १२ पर्यंत काहीही लिहितात असा माझा अनुभव आहे, लांबी डोक्यापासून पंखाच्या टोकापर्यंत मोजली की पंख पसरून मोजली हे पण लिहा कारण त्यात दुपटीचा फरक पडतो.

प्रश्न : बाथरूमच्या टाइल्सवर छोटे काळपट केसाळ पतंग बसलेले असतात, हार्टच्या आकाराचे. हात लावला की फक्त पावडर उरते. रोज मारते तरी रोज येतात. हे कोणते पतंग?

हे पतंग नाहीत, माश्या आहेत. सायकोडिडी कुळातल्या. आणि तुम्ही पतंग समजलात यात तुमची काही चूक नाही, अनेक भाषांमध्ये यांना पतंगमाशी अशाच अर्थाचं नाव आहे. अंगावर आणि पंखांवर दाट केस, बसल्यावर पंख तिरके पसरलेले, आणि बोटाला लागणारी भुकटी, सगळं पतंगासारखंच.

फरक कुठे? पंख मोजा. पतंगाला पंखांच्या दोन जोड्या असतात, माशीला एकच. मागच्या जोडीच्या जागी तिला दोन छोट्या गाठी असतात, टाचणीच्या डोक्यासारख्या, उडताना तोल सांभाळायला. भिंग घेऊन बघितलं तर दिसतात. आणि पतंगाची गुंडाळलेली सोंड हिला नसते. पंखांच्या कडेला बारीक पांढरे ठिपके असतील तर ती बहुधा क्लॉग्मिया अल्बिपंक्टाटा, जगभर पसरलेली जात आहे.

मारून उपयोग नाही कारण अळ्या ड्रेनच्या पाइपच्या आत साचलेल्या बुळबुळीत थरात वाढतात. तो थर ब्रशने घासून काढला की पुढची पिढी थांबते, फवारे मारायची गरज नाही. या चावत नाहीत. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, याच कुळात सँडफ्लाय पण येतात, त्या चावतात आणि काही भागांत लेशमॅनियासिस नावाचा आजार पसरवतात. त्या बसताना पंख वर इंग्रजी व्ही सारखे उभे धरतात, तुमच्या फोटोतल्या माशीचे पंख छपरासारखे अंगावर आहेत, त्यामुळे ही ती नाही.

आणखी एक, नावं वाचताना गोंधळ होतो म्हणून सांगते : सायकोडिडी म्हणजे या माश्या आणि सायकिडी म्हणजे काड्यांची पिशवी करून राहणारे पतंग. एका अक्षराचा फरक, पण गणच (अनेक कुळांचा मोठा गट) वेगळा. गुगलवर शोधताना बघून टाइप करा.

प्रश्न : झाडाला धक्का लागला की पानाखालून पांढरा धुरळा उडतो आणि परत बसतो. जवळून बघितलं तर एकेक कण म्हणजे इवलासा पांढरा पतंग! याहून लहान पतंग असतो का?

हा पण पतंग नाही, ही पांढरी माशी. आणि नावात माशी असली तरी ती माशी पण नाही, ती मावा आणि तुडतुड्यांच्या नात्यातली, सुईसारखी सोंड पानात खुपसून रस पिणारी. आकार १ ते २ मिमी. पंखांवर जे पांढरं दिसतं ते खवले नसतात, मेण असतं, ती स्वतःच अंगावर फासून घेते.

तुम्ही ज्याला फसलात त्याला कोण फसलं होतं माहितीये? खुद्द लिनेयस. ज्या माणसाने सगळ्या सजीवांना दोन शब्दी नावं द्यायची पद्धत रुळवली त्याने १७५८ मध्ये एका पांढऱ्या माशीला पतंगांच्या यादीत टाकलं आणि बारीक पतंगांसाठी वापरायचा तो टिनिया हा शब्द तिच्या नावात जोडला. आता ती अलेरोडिस प्रोलेटेला म्हणून ओळखली जाते. हे मी मुद्दाम सांगतेय कारण खूप वाचक पत्राच्या सुरुवातीलाच "मला काही कळत नाही, चुकलं असेल तर माफ करा" असं लिहितात. माफी कसली मागता, विचारा!

पण तुमच्या तिसऱ्या फोटोकडे मात्र माझं जास्त लक्ष गेलं. त्यात पांढऱ्या माश्यांच्या गर्दीत एक जरा मोठा, राखाडी भुकटी लावल्यासारखा, पंख छपरासारखे उभे धरलेला आणि लांब मण्यांच्या माळेसारख्या मिशा असलेला कीटक आहे. तो कोनिओप्टेरिजिडी कुळातला आहे, हिरव्या जाळीदार पंखांच्या क्रायसोपाच्या नात्यातला. त्याला चावणारे जबडे असतात आणि तो लाल कोळ्यासारख्या बारीक किडी (माइट), खवले कीड, पांढरी माशी असलं सगळं खातो. म्हणजे एका पानावर खाणारा आणि खाल्ला जाणारा असे दोघं पांढरी भुकटी फासून शेजारी शेजारी बसलेत, आणि फोटो काढणाऱ्याला दोघंही पतंग वाटले. मला फार आवडला तो फोटो. त्या झाडावर काहीही फवारू नका प्लीज, निदान तो तिथे आहे तोपर्यंत.

प्रश्न : ओढ्याच्या कडेला टॉर्च लावून बसलो होतो, तर तपकिरी पतंगांचा थवाच आला. मिशा अंगापेक्षा लांब. पण हातावर बसला तरी पावडर लागली नाही. असं कसं?

वा, हे निरीक्षण अगदी नेमकं आहे, आणि उत्तराचा अर्धा भाग तुम्हीच लिहिलाय. पावडर लागली नाही कारण खवले नव्हते. हे कॅडिसफ्लाय. यांच्या गणाचं नाव ट्रायकॉप्टेरा, म्हणजे केसाळ पंखांचे, आणि पतंग फुलपाखरांच्या गणाचं नाव लेपिडॉप्टेरा, म्हणजे खवल्यांच्या पंखांचे. दोन्ही नावं ग्रीक आहेत आणि फरक नावातच सांगून ठेवलाय. हे दोन गण एकमेकांचे सगळ्यात जवळचे नातेवाईक, त्यामुळे साम्य वरवरचं नाही, रक्तातलं आहे.

कॅडिसफ्लायच्या अळ्या पाण्यात राहतात. त्यातल्या बऱ्याच जाती तोंडातून काढलेल्या रेशमाने वाळूचे कण, काड्या, पानांचे तुकडे चिकटवून स्वतःभोवती नळी बांधतात, ओढ्यातला एखादा दगड उलटा करून बघा आणि बघून झाल्यावर होता तसाच परत ठेवा. पूर्ण वाढलेल्या कीटकाला पतंगासारखी गुंडाळलेली सोंड नसते, त्याऐवजी तोंडाखाली लांब पाल्प लोंबताना दिसतात. मिशा धाग्यासारख्या, बसल्यावर बहुतेक वेळा पुढे रोखलेल्या. पंख अंगावर छपरासारखे.

अडचण येते ती हायड्रॉप्टिलिडी कुळात. हे कॅडिसफ्लाय २ ते ५ मिमीचे, इतके दाट केसाळ की मायक्रो पतंग म्हणून सहज खपून जातात. इथे नुसत्या डोळ्यांनी काम होत नाही, १० पट मोठं दाखवणारं भिंग लागतं. आणि दुसऱ्या बाजूने पण एक अपवाद आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. मायक्रोप्टेरिजिडी नावाचं पतंगांचं खूप जुनं कुळ आहे, बारीक, सोनेरी जांभळी झाक असलेले पतंग, त्यांनाही सोंड नसते! त्यांना चक्क जबडे असतात आणि ते परागकण चावून खातात. म्हणजे सोंड नाही म्हणून पतंग नाही हा नियम पण शंभर टक्के चालत नाही, पंखावरचे खवले मात्र तिथेही दिसतात. म्हणून एका खुणेवर कधी विसंबू नये, दोन तीन खुणा जुळल्या की मगच बोलावं.

प्रश्न : काडीवर ओळीने पांढरट हिरवे पतंग बसलेले, पाचराच्या आकाराचे. जवळ गेले तर उडाले नाहीत, टुणकन उडी मारली.

उडी मारली ना, मग संपलं. उडी मारून पळणारा बहुतेक वेळा तुडतुड्यांच्या बाजूचा. हे फ्लॅटिडी कुळातले. पोटाखाली मागे वळलेली टोकदार सोंड आणि डोळ्यांच्या खाली केसाएवढ्या बारीक मिशा असतात. त्याच काडीवर पांढऱ्या मेणाच्या शेपट्या लावलेली पिल्लं दिसली असतील, ती यांचीच.

प्रश्न : ताई, मी आठवीत आहे. मला इंग्रजी टी अक्षरासारखा पतंग दिसला. पंख काड्यांसारखे होते. आजोबा म्हणाले तो डास आहे.

तुझं बरोबर आहे, तो पतंगच. त्याला पिसारी पतंग म्हणतात, कुळ टेरोफोरिडी. बसताना तो पंख गुंडाळून अंगाशी काटकोनात धरतो म्हणून टी दिसतो. उघडले की बघायचं, पुढचा पंख बहुतेक जातींमध्ये दोन भागांत चिरलेला आणि मागचा तीन भागांत, प्रत्येक भाग पिसासारखा. आजोबांना डास वाटला कारण पाय लांब आणि बारीक असतात आणि त्यावर काटे दिसतात.

आणि अजून एक पतंग शोध आता. अलुसिटिडी नावाच्या कुळात प्रत्येक पंखाची सहा पिसं होतात. चार पंख, प्रत्येकी सहा, किती झाली मोज. तो बसला की उघडलेल्या पंख्यासारखा दिसतो. सापडला तर मला चित्र काढून पाठव, फोटोच हवा असं काही नाही, चित्र काढताना आपण जास्त नीट बघतो.

प्रश्न : पानावर पांढरी नागमोडी रेघ दिसते, आत अळी आहे पण पतंग कधीच दिसला नाही. माझे मित्र म्हणतात ही माशीची अळी असते, खरं काय?

दोघंही बरोबर असू शकतात, कारण नागअळी हे एका कीटकाचं नाव नाही, तो राहण्याचा प्रकार आहे. पानाचा वरचा आणि खालचा पापुद्रा तसाच ठेवून मधला भाग पोखरत जायचं. हे काही पतंगांच्या अळ्या करतात, काही माश्यांच्या, काही भुंगेऱ्यांच्या पण. आणि गंमत म्हणजे पतंग डोळ्यांसमोर बसलेला असताना जे कळत नाही ते बऱ्याचदा ही रेघ सांगते, त्यामुळे मायक्रो पतंगांवर काम करणारी माणसं पतंगापेक्षा पानंच जास्त बघत फिरतात!

पान उजेडासमोर धरा. आतली अळी दिसली तर तिला डोकं आहे का बघा. पतंगाच्या अळीला तपकिरी किंवा फिकट पण स्पष्ट डोकं असतं. माशीच्या अळीला तसं डोकं नसतं, पुढच्या टोकाला फक्त काळे आकडे हलताना दिसतात. अळी निघून गेली असेल तर रेघेतली विष्ठा बघा. पतंगांच्या बऱ्याच जातींत ती मधोमध एकच काळी रेघ असते, माश्यांमध्ये बऱ्याचदा एकदा या कडेला एकदा त्या कडेला अशी तुटक पडते. मग रेघेची सुरुवात शोधा. नेप्टिक्युलिडीतली मादी अंडं पानाच्या पृष्ठभागावर चिकटवते आणि त्याचं चकचकीत टरफल तिथेच राहतं, ठिपक्यासारखं. पान पोखरणाऱ्या माश्यांची मादी अंडं पानाच्या आत टोचून घालते, शिवाय रस पिण्यासाठी पण टोचते, त्यामुळे आजूबाजूला बारीक फिकट टोचे दिसतात.

तुम्ही पाठवलेलं पान लिंबूवर्गीय झाडाचं आहे, रेघ रुपेरी आहे, मधून काळी ओळ जातेय, आणि रेघेच्या शेवटी पानाची कड दुमडलीय. इथे मी जातीचं नाव लिहायला तयार आहे : फायलोक्निस्टिस सिट्रेला, स्टेंटन या कीटकशास्त्रज्ञाने १८५६ मध्ये वर्णन केलेली. दुमडलेल्या कडेत तिचा कोष असतो. पतंग तुम्हाला दिसला नाही कारण त्याचा पुढचा पंख जेमतेम २ मिमी लांब, पांढरा, टोकाला एक काळा ठिपका. झाड कुठलं हे माहीत होतं म्हणून मी एवढ्या खात्रीने बोलू शकले. म्हणून सगळ्यांना विनंती, ज्या झाडावर अळी सापडली त्याचा, पानाचा आणि जमलं तर फुलाचा फोटो पाठवाच. झाडाचं नाव नसेल माहीत तर राहू दे, ते शोधता येतं.

आणि पतंग बघायचाच असेल तर वाढवा. कोष असलेलं पान देठासकट छोट्या पारदर्शक डबीत ठेवा, खाली टिश्यू पेपर, पान सुकायला पण नको आणि बुरशी पण यायला नको, रोज एकदा उघडून हवा द्या. उन्हात ठेवू नका. डबीवर तारीख, जागा आणि झाड लिहा, नंतर लिहू म्हटलं की राहतं, माझ्याकडे अशा दोन डब्या आहेत ज्यातले पतंग सुंदर आहेत पण कुठल्या पानावरचे ते आता कोणीच सांगू शकत नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. कधीकधी पतंगाऐवजी डबीतून १ ते २ मिमीची चमकदार हिरवी किंवा काळी गांधीलमाशी बाहेर येते. डबीत ती बाहेरून शिरलेली नसते, अळीच्या अंगावर किंवा आत वाढलेली असते. फेकून देऊ नका, तिचा पण फोटो काढा, कोणत्या अळीवर कोणती गांधीलमाशी वाढते ही माहिती फार थोड्या ठिकाणी नोंदलेली असते.

प्रश्न : भिंतीवर चपटी करड्या रंगाची बी सरकताना दिसते. घरातले कसर म्हणतात. कसर म्हणजे पतंग का?

ही बी म्हणजे पिशवी आहे आणि आत पतंगाची अळी. टिनिडी कुळ, फेरिओका. पिशवी दोन्ही टोकांना उघडी असते आणि अळी कुठल्याही टोकातून डोकं काढून चालू लागते, बघत बसावं असं दृश्य आहे. कोळ्यांची जुनी जाळी, मेलेल्या किड्यांचे अवशेष, केस, लोकर असलं खाते. कसर हा शब्द आपण कपडे कागद खाणाऱ्या सगळ्यांनाच लावतो, त्यात सिल्व्हरफिशसारखे अगदी वेगळे कीटक पण येतात. कपड्यांच्या कसरीतला खरा पतंग टिनिओला बिसेलिएला, सोनेरी, आणि तो दिव्याकडे यायच्या ऐवजी अंधाराकडे पळत जातो. दिव्यावर आलेला पतंग कपडे खाईल अशी भीती बाळगून त्याला मारू नका.

प्रश्न : एक छोटा पतंग पानावर पंख उभारून झटके देत नाचत होता, आधी मला उड्या मारणारा कोळीच वाटला. असं मुद्दाम करतात का?

हो! कोर्युटिडी कुळात ब्रेन्थिया नावाचे पतंग आहेत, पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके, आणि हालचाल थेट उड्या मारणाऱ्या कोळ्याची. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असं दिसलं की तोच कोळी या पतंगाला आपल्यातला समजून पाय वर करून इशारे करतो आणि त्या वेळात पतंग निसटतो. शिकारी कोळ्यासमोर ब्रेन्थिया इतर पतंगांपेक्षा जास्त वेळा वाचले. फोटो हलल्यामुळे जात सांगता येत नाही, पण दिवसा पानावर असा नाच दिसला तर व्हिडिओ काढा, फोटोपेक्षा तो जास्त बोलतो.

प्रश्न : तुम्ही नेहमी "कुळापर्यंतच" किंवा "जीनसपर्यंतच" (जीनस म्हणजे कुळातला जवळच्या जातींचा गट) असं उत्तर देता. पूर्ण नाव मिळाल्याशिवाय नोंदीला अर्थ काय? आणि पूर्ण नावासाठी पतंग मारावाच लागतो का?

तुमच्या पत्रात थोडा राग आहे आणि तो मला समजतो, इतक्या मेहनतीने काढलेल्या फोटोखाली अर्धंच नाव बघून हिरमोड होणारच. पण माझं मत ठाम आहे. खात्रीचं कुळ ही पूर्ण ओळख आहे, तिच्या पुढे अंदाजाने लावलेलं जातीचं नाव तिला कमकुवत करतं. एक चुकीचं नाव नोंदीत गेलं की दुसरा त्यावरून आपला फोटो जुळवतो, मग तिसरा, आणि मग नकाशावर ती जात जिथे कधी नव्हतीच तिथे ठिपके दिसायला लागतात. "जेलेकिडी, ६ मिमी, अमुक तारीख, अमुक झाड" एवढी नोंद वीस वर्षांनी पण कोणीतरी पुढे नेऊ शकतं.

पूर्ण नावाचं म्हणाल तर अनेक मायक्रो पतंगांमध्ये दोन जाती बाहेरून अगदी सारख्या असतात आणि फरक फक्त जननेंद्रियांच्या रचनेत असतो. त्यासाठी मेलेल्या पतंगाचं पोट वेगळं करून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या साधारण १० टक्के द्रावणात मऊ करतात आणि मायक्रोस्कोपखाली बघतात. हे शिकलेल्या माणसाचं काम आहे, घरी करायचं नाही, ते द्रावण कातडी जाळतं. दुसरा मार्ग डीएनए बारकोडिंग, २००३ मध्ये पॉल हेबर्ट यांनी मांडलेला, प्राण्यांमध्ये सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून तुलना करायची. त्याला एक पाय पण पुरतो. पण तुलना करायला आधी कोणीतरी बरोबर नाव लावलेला नमुना असावा लागतो, म्हणजे फिरून आपण तिथेच येतो.

एडवर्ड मेरिक नावाचा एक शाळामास्तर होता, १८५४ ते १९३८, त्याने एकट्याने १४ हजारांहून जास्त मायक्रो पतंगांची वर्णनं लिहिली. शाळा सांभाळून! पंखांतल्या शिरांवर त्याचा मोठा भर होता, जननेंद्रियं बघायची पद्धत त्याने स्वीकारली नाही, आणि त्यामुळे पुढच्या लोकांना त्याचे नमुने बाहेर काढून परत तपासावे लागले. ते तपासता आले कारण नमुने आणि त्यावरची लेबलं जागेवर होती. मला त्याच्याबद्दल फार आदर आहे, आणि लेबलांबद्दल त्याहून जास्त.

मारायची गरज तुम्हाला नाही. जे संस्थेत, परवानगी घेऊन, अभ्यासासाठी नमुने ठेवतात ते मोजके ठेवतात. दिव्याखाली सकाळी मेलेले पतंग सापडतातच, ते कागदाच्या पुडीत तारीख जागा लिहून जपा, अभ्यासकाला ते पुरेसे असतात.

प्रश्न : फोटोसाठी पतंग स्थिर बसत नाही. फ्रिजमध्ये ठेवला तर चालेल का? पाहुणा मेला तर?

चालतं, फ्रीझरमध्ये नाही, खालच्या कप्प्यात. छोट्या डबीत, आत कागदाचा एक तुकडा म्हणजे त्याला धरायला काहीतरी मिळेल, आणि दहा मिनिटं पुरतात. हाताने पकडू नका, डबी त्याच्यावर पालथी घाला आणि खालून जाड कागद सरकवा, कारण एकदा खवले गेले की परत येत नाहीत. बाहेर काढल्यावर तुमच्याकडे मिनिटभर असतं, आधीच कॅमेरा, लाइट आणि ग्राफ पेपर मांडून ठेवा. मोबाइलला लावायची मॅक्रो लेन्स असेल तर उत्तम. फ्लॅश थेट मारू नका, पातळ पांढऱ्या कागदातून जाऊ द्या, धातूसारखे चमकणारे खवले थेट फ्लॅशमध्ये नुसते पांढरे जळतात आणि खुणा जातात.

काम झालं की अंधार पडल्यावर, जिथून आणला तिथेच, दिवा बंद करून एखाद्या पानाच्या खालच्या बाजूला सोडा. सकाळी सोडला तर पक्षी टिपतात.